रिझवानने बांधलेली भिंत

दुपारचे तीन वाजले तरी टेंडरची वेबसाइट काही उघडेना. नागापूर एमआयडीसीतल्या आप्पासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रिझवानला दरदरून घाम फुटला. साखर कारखान्याच्या चाळण्यांचं टेंडर पाचच्या आत भरायचं होतं. वेळेत भरलं तर आप्पासाहेब त्याला पर्मनंट करणार होते. नाही भरलं तर काय करणार, तेही त्यांनी सकाळीच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

रिझवानने मोडेम बंद करून चालू केला, वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. मेल उघडत होता, बँक उघडत होती, टेंडर मात्र ढिम्म. शेवटी त्याने ऑफिसच्या फोनवरून हेल्पलाइनला विचारलं. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, वेबसाइट चालू आहे. तुमच्याकडे फायरवॉल आहे का?"

रिझवानने कपाळावर हात मारला. होती ना! त्यानेच पंधरा दिवसांपूर्वी बसवली होती. कामगार मशीन सोडून ऑफिसच्या वायफायवर रील्स बघतात म्हणून आप्पासाहेब भडकले होते. "समदं बंद कर. माझा फोन तेवढा चालू ठिव," असा हुकूम सुटला होता. मग या पठ्ठ्याने मोठ्या तोऱ्यात नेटला भिंत घातली आणि मेल, बँक, जीएसटी एवढी तीनच दारं ठेवली. वर्षातून एकदा लागणारं टेंडर तेव्हा कोणाला आठवणार?

"मग उघड की आता!" हे कळताच आप्पासाहेब ओरडले.

"साहेब, पासवर्ड तुमी टाकलाय. मला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं मला."

"व्हय की." आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग बायकोचं नाव टाकून पाहिलं, बैलाचं पाहिलं, पहिल्या टेम्पोचा नंबर पाहिला. तीनदा चुकल्यावर ते फायरवॉलचं यंत्र तासाभरासाठी कुलूप लावून बसलं. तेव्हा सव्वाचार झाले होते.

"मोबाईलवरच्या नेटवर कर!"

पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कुठली? रेंज होती ती गेटपाशी. मग दोघा कामगारांनी कॉम्प्युटर उचलला, तिसऱ्याने कीबोर्ड, आणि साहेबांच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह छातीशी धरून रिझवान पुढे. वाजंत्री तेवढी नव्हती. गेटपाशी पोचल्यावर विजेची जोडवायर चार हात कमी पडली.

वरात परत टेबलाशी आली तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. रिझवान खुर्चीत कोसळला. मुलगा पर्मनंट झाला असं धरून अम्मीने मोहल्ल्यात मिठाईसुद्धा वाटली होती. "या अल्ला, आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ!" तो रडकुंडीला आला.

तेवढ्यात चहाच्या खोलीतून कोणत्या तरी सासूचं ओरडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ धाडधाड संगीत. रिझवान धावत गेला. चहा करणाऱ्या मालनबाई स्टुलावर बसून मोबाईलवर सिरियल बघत होत्या.

"उष्टे कप आनले का? रोज सांगावं लागतंय तुमाला."

"मालनबाई, तुमचं नेट चालतंय?"

"लई झ्याक चालतंय. साहेबांनी नवा फोन घेतला, ह्यो जुना मला दिला. आठ दिस झालं."

घरातलं जुनं ते मालनबाईला, ही आप्पासाहेबांची रीतच होती. जुनी सतरंजी गेली, जुना पंखा गेला, आता फोन. आणि भिंतीतून आरपार जायची परवानगी त्या फोनला होती, साहेबांना नव्हती!

रिझवानने हात जोडले. "मालनबाई, दहा मिनिटं द्या."

"एवढा भाग संपू द्या. सून घराबाहीर पडतीया."

"अहो, मीपण पडतोय!"

ते ऐकून मालनबाईंनी सुनेला उंबऱ्यावरच सोडलं. फोन वायरीने कॉम्प्युटरला जोडला आणि चार अठ्ठावन्नला टेंडर भरलं गेलं.

आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे रिझवानच्या ऑर्डरवर सही केली. मग गंभीर होऊन म्हणाले, "उद्या मानूस येऊन नवा पासवर्ड टाकंल. पन तो माज्याकडं नको. तुज्याकडं तर नकोच. मालनबाईकडं ऱ्हाऊ दे. तिच्याकडचा चमचासुदिक कधी हरवला न्हाई."

तिसऱ्या दिवशी पर्मनंट रिझवान चहाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मालनबाई, जरा एक वेबसाइट उघडायची होती."

मालनबाईंनी मोबाईलवरून नजरही काढली नाही. "टेबलावर तीन कप हायेत तुमचे. धुऊन आना, मग बघू."