लाल फडक्यातली तंबाखू

लंगडा बगळा वस्तीत पाणी उकळूनच प्यावे, अशी सरकारी सूचना गेली बावीस वर्षं लागू आहे. सूचना तात्पुरती आहे.

सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तर भागात, या आमच्या क्री मूलनिवासींच्या वस्तीत टँकर चालवायचं काम माझ्याकडे आहे. माझं नाव नॉर्बर्ट. माझ्या आईचं, म्हणजे सगळ्यांच्या फिलोमेन आजीचं घर पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रापासून चारशे पावलांवर आहे. तळ्यापासून केंद्रापर्यंत पाइप आहे आणि केंद्रापासून घरापर्यंत मी आहे. माझं पाणी घरोघरच्या टाक्यांत साठतं, साठून बिघडतं, म्हणून उकळायचं. पाइप आला की उकळणं संपलं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मंत्रालयाला कळत नव्हतं, म्हणून माझी भाची रेलीन शिकायला निघाली.

"मामा, मी मूलनिवासी अभ्यास घेतेय विद्यापीठात."

"म्हणजे काय असतं ते?"

"म्हणजे आपण."

"आपला अभ्यास करायला चार तास लांब कशाला जातेस? बस की माझ्या टँकरमध्ये!"

"टँकरमध्ये बसून पदवी मिळत नाही, मामा. आणि पदवीशिवाय आपलं कुणी ऐकत नाही."

दुसऱ्या वर्षी तिने आमच्या पाण्यावर निबंध लिहिला. प्राध्यापकांनी समासात विचारलं, 'पाणी खराब असल्याचा आधार काय?' ही म्हणाली, मी तिथलीच आहे. ते म्हणाले, मग तर तुझं मत धरताच येणार नाही, एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीची रीतसर मुलाखत हवी. ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे तिची सख्खी आजी! तिच्याशी बोलायला नीतिमत्ता समितीची परवानगी लागली. ती सात महिन्यांनी आली, सोबत संमतीपत्र घेऊन. 'सदर विद्यार्थिनीशी बोलल्याने आपणास मानसिक त्रास होऊ शकतो. झाल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.'

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "त्रास होतो हे खरंय," ती म्हणाली. "पण ह्यांना सांगितलं कुणी?"

सही झाल्यावर रेलीनने लाल फडक्यात बांधलेली तंबाखू आजीपुढे धरली. आमची रीतच आहे. वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू द्यायची. त्यांनी ती घेतली की शब्द दिला, मग माघार नाही. आईने पुरचुंडी हातात घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "घेतली गं. आता विचार." तीन संध्याकाळ ती बोलत होती. तिचं एवढं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यावर रेलीन विद्यापीठात पहिली आली. आणि काय सांगू, नोकऱ्या दाराशी चालून आल्या! खाणकंपनी, बँक, वस्तुसंग्रहालय, तुरुंग, सगळ्यांना मूलनिवासी अभ्यासाचा पदवीधर हवा होता. काम सगळीकडे एकच. सभेच्या सुरुवातीला उभं राहून सांगायचं की ही जमीन मुळात कुणाची होती, आणि मग खाली बसायचं. रेलीनने मंत्रालयाचं पाणीखातं निवडलं. पाइप तिथेच अडकला होता ना!

खात्याने तिच्याकडून अधिकाऱ्यांसाठी आमच्या रीतींची 'सांस्कृतिक पुस्तिका' लिहून घेतली. त्यावर परीक्षा झाली आणि सगळ्यांना गरुडाच्या पिसाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र मिळालं. पाइपची फाइल मात्र तिथेच. कारण नेहमीचंच, सल्लामसलत पूर्ण झालेली नाही. जो माणूस सभेत शेवटपर्यंत बसून ऐकतो, त्याच्याशी सल्लामसलत झाली, असा खात्याचा नियम. अशा एकोणीस सभा झाल्या. एकोणीस वेळा आम्ही म्हणालो, पाइप द्या. एकोणीस वेळा अहवालात आलं, 'या समाजाचं पाण्याशी नातं सखोल आहे.'

विसाव्या सभेला खुद्द संचालक हॅलोरन साहेब आले. बरोबर बाटलीबंद पाण्याची सहा खोकी. रेलीनने उठून ही जमीन मुळात कुणाची होती ते सांगितलं. समोर तेच लोक बसले होते. माझी छाती फुगली आणि मान खाली गेली, दोन्ही एकदम.

मग आई काठी टेकत उठली. हातात लाल फडकं. साहेबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! प्रमाणपत्राचं सार्थक झालं होतं. त्यांनी पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मान लववून, दोन्ही हातांनी तंबाखू घेतली, छातीशी धरली आणि फोटोवाल्याकडे वळले.

"घेतलीस ना बाबा?" आईने विचारलं.

"घेतली, आजी. मी धन्य झालो."

"मग सांगते. पाइप. चारशे पावलं. बर्फ पडायच्या आत."

साहेबांनी रेलीनकडे पाहिलं. नोकरी जाणार, हे तिलाही दिसत होतं. तरी ती म्हणाली, "पान चौदा, साहेब. तंबाखू स्वीकारणे म्हणजे मागणी पूर्ण करण्याचे वचन देणे."

"मी भेट म्हणून घेतली!"

"भेटवस्तू पान नऊवर आहेत. त्यांत तंबाखू नाही."

"मग परत करतो."

"तो अपमान आहे, साहेब. पान पंधरा."

खात्याच्या कायदे विभागाने यावर अकरा बैठका घेतल्या. निर्णय आला तो असा : क्री परंपरेचा खात्याला नितांत आदर आहे, सबब वचन बंधनकारक आहे. तथापि तंबाखू हॅलोरन यांच्या हातांनी घेतली, खात्याला हात नाहीत. त्यामुळे पाइप हॅलोरन यांनी व्यक्तिशः टाकावा. हॅलोरन साहेबांची बदली मासेमारी खात्यात झाली, तंबाखूसकट. उरलेल्या अधिकाऱ्यांसाठी पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघणार होती, तिच्यात एकच नवा नियम : 'वस्तीवरील सभेत दोन्ही हात खिशात ठेवावेत.' तो लिहायचं काम रेलीनला दिलं.

तिने नाही लिहिला. पहिला बर्फ पडला त्या सकाळी केंद्राच्या फाटकाशी उभी होती, सामान घेऊन.

"मामा, टँकरमध्ये जागा आहे का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. आता सकाळची फेरी ती करते. तिची पदवी मीच टँकरमध्ये टांगलीय, पुढच्या काचेवर. आई अजून पाणी उकळते. ब्याऐंशी वर्षांची आहे, जड किटली दोन्ही हातांनी उचलते, आणि ते बघून माझ्या अंगाची लाही होते.

मंत्रालय सोडताना रेलीनने एकच वस्तू उचलून आणली, सभेच्या हजेरीची वही. जो शेवटपर्यंत बसून ऐकतो, त्याच्याशी सल्लामसलत झाली, हा नियम अजून लागू आहे. तुम्हीही शेवटपर्यंत ऐकलंत. मध्ये हसलात, हळहळलात, मानही डोलावलीत. साहेब लोकही अगदी तेवढंच करत होते. तर आता नाव सांगा, लिहून घेतो.

आणि ते हात जरा खिशातून बाहेर काढा. आई उठलीय.