रिकाम्या खुर्चीची खरडपट्टी

व्यवसाय सल्लागाराच्या ऑफिसात सगळं होतं. दारावर पाटी होती, समोर पाहुण्यांची गुबगुबीत खुर्ची होती, फळ्यावर वर चढत जाणारा बाण होता. नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. 'आपला उत्कृष्ट व्यवसाय आणखी उत्कृष्ट करू या!' अशी पत्रकं त्याने दुकानोदुकानी वाटली होती. ती वाचून प्रत्येक दुकानदाराला आपला व्यवसाय उत्कृष्ट असल्याचं कळलं आणि सल्ल्याची गरजच उरली नाही.

बायको कोपऱ्यातल्या टेबलाशी फोन सांभाळायची. फोन आलाच तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगायचं, हा त्याने घालून दिलेला नियम. आजवर हे वाक्य तिने गॅसवाल्याला आणि स्वतःच्या बहिणीला ऐकवलं होतं.

आज शनिवार. सहा महिन्यांपूर्वी ज्या साहेबांच्या टेबलावर तो मोठ्या ऐटीत राजीनामा ठेवून आला होता, त्यांचा पाच वाजता फोन येणार होता. तोवर एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर मुकाट्याने "येतो परत" म्हणायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

"अहो, नुसते बसू नका," साडेचारला बायको म्हणाली. "त्या खुर्चीशी बोला. निदान मन तरी मोकळं होईल."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, आणि सहा महिने गोडगोड बोलून कंटाळलेली त्याची जीभ एकदम सुटली.

"या, बेकरीवाले! गिऱ्हाईक दारात ताटकळतंय आणि तुमचा मेहुणा काउंटरवर बसून फोनवर गप्पा मारतोय! काचेतल्या त्या केकचा वाढदिवस कधी असतो हो? आणि तुम्ही, शिंपीदादा! आरशासमोर कापडाचे गठ्ठे! माणसाने पँट घालून बघायची कुठे, रस्त्यावर?"

आवाज चढतच गेला. शेजारी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि मध्ये भिंत म्हणून नुसतं प्लायवूड. पलीकडे त्याच प्लायवूडला टेकून पेशंटची बाकं मांडली आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दार धाडकन उघडलं. सुजलेला गाल हाताने धरून साक्षात बेकरीवाला उभा होता.

"माझ्या दुकानाचं कुणाला सांगत होता?"

सल्लागाराने समोर बोट दाखवलं. "कुणाला नाही. खुर्चीला."

बेकरीवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तो सावकाश तिच्यात बसला. "बारा वर्षं झाली. मेहुण्याबद्दल घरात ब्र काढायची सोय नाही. हे बोलणारे तुम्हीच पहिले. चालू द्या."

मागोमाग शिंपी आला. "माझं आरशाचं अर्धवट राहिलं!" तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. त्याच्यामागून चष्म्याचा दुकानदार आला, तो तर पार रुसलेला. "गल्लीत आम्हीपण आहोत म्हटलं! आमच्याबद्दल एक अक्षर नाही!"

पाच मिनिटांत खोली भरली. शेवटी हातमोजे घातलेले डॉक्टर तणतणत आले. "माझे पेशंट पळवता? आता माझ्याही दवाखान्यात खोट काढणार?"

सल्लागाराला खोट ढळढळीत दिसत होती, पण तिच्यामुळेच तर ही गर्दी त्याच्या खोलीत आली होती. ती सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"काढणार!" तो म्हणाला. "तुम्ही लोकांना दीड-दीड तास बसवून ठेवता. वेळ ठरवून बोलवा."

डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"पंधरा वर्षांत हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"कसं सांगणार?" बेकरीवाला कळवळून म्हणाला. "तोंडात तुमची हत्यारं असतात!"

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी स्टूल ओढलं आणि सल्लागारासमोर बसले. "आणखी काय काय चुकतंय तेही सांगा. दर आठवड्याला येतो."

तेवढ्यात पाच वाजले आणि फोन वाजला. सल्लागार उठू लागला, तर बायकोने हातानेच त्याला बसवलं.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," ती ठसक्यात म्हणाली.

पलीकडून जुन्या साहेबांनी विचारलं, कधी मोकळे होतील?

तिने उभ्या असलेल्यांची डोकी मोजली. "मंगळवारी या," ती म्हणाली. "पण नंबर लावावा लागेल."