संगणकीय आग्रह

"नाना, उद्यापासून तुमच्या भरीत केंद्रात 'अरे भटू, इकडे वाढ' अशी एक जरी हाक ऐकू आली ना, तर नाव बदलून टाकीन!"

जळगावचा प्रेमराज धुळ्याच्या भाईदास नानांना हे छातीठोकपणे सांगत होता आणि काउंटरवर बसलेली नानांची लेक हेमलता तोंडाला ओढणी लावून हसत होती. दोघांचं जमलंय हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, नानांचा होकार तेवढा बाकी होता. नाना म्हणाले, "आमचे थोरले भाऊ, सुपडू आबा, दोंडाईच्याहून तुझ्या यंत्राच्या उद्घाटनाला येताहेत. ते तृप्त होऊन उठले तर लग्नाचं बोलू. रुसून उठले, तर तू आपला जळगावला सुखी राहा!"

योजना झकास होती. प्रत्येक टेबलावर टचस्क्रीन, तिच्यावर दोनच बटणं: 'वाढा' आणि 'बस'. काउंटरवर सगळ्या टेबलांची मिळून एक. स्वयंपाकघरात एक मोठा पडदा. 'वाढा' आलं की टेबलाचा नंबर हिरवा, 'बस' आलं की लाल. सुरुवातीला बटण दाबलं की निरोप आत पोचेपर्यंत स्क्रीन थिजून बसायची. मग प्रेमराजने डोकं लढवून प्रत्येक निरोपाला वेगळा थ्रेड दिला. म्हणजे असं बघा, आधी एकच गडी सगळे निरोप पोचवत होता, आता दर निरोपाला नवा गडी! स्क्रीन कशी लोण्यासारखी चालू लागली. मात्र मागून निघालेला गडी आधी पोचला तर काय, हा विचार पठ्ठ्याच्या मनाला शिवलाही नाही. घरी एकट्याने, सावकाश, एकेक बटण दाबून पाहिलं होतं ना!

सुपडू आबा आले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास दारापर्यंत दरवळत होता. पहिलं वाढप चाटूनपुसून संपवून आबांनी 'वाढा' दाबलं. आणि आबांचं दाबणं म्हणजे विहिरीवरची हट्टी मोटार सुरू करणं. दाब, दाब, पुन्हा दाब! तितके गडी धावत सुटले. वाढप्या भटूने भरीत वाढताच आबांनी 'बस' दाबलं. 'बस'चा गडी सुसाट पोचला, नंबर लाल झाला आणि मागे रेंगाळलेले 'वाढा' त्यानंतर एकेक करत टपकले. पुन्हा हिरवा!

भटू फक्त पडद्याचं ऐकणारा. पातेलं घेऊन हजर!

"आरे, बस रे भो!"

"पडदा हिरवा शे, आबा!"

आबांनी ताटावर हात आडवा धरला. भटूने तो हळूच उचलून खाली पुऱ्या सरकवल्या. आबा आता दिसेल ते बटण दाबू लागले. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रेमराज हे पाहत होता. लग्न गेलं! लॅपटॉप उघडून त्याने कुठला निरोप कधी पोचतो ते छापणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये टाकली. त्या ओळीपायी गडी जरा मंदावले आणि शहाण्यासारखे ओळीने आले. ओळ काढली, की पुन्हा धुमाकूळ! गुरुजी वर्गात असेपर्यंत पोरं गुणी असतात, तसलाच प्रकार. शेवटी त्याने सगळ्या निरोपांना एका रांगेत उभं केलं. आता 'बस' म्हणजे बस!

आबांनी 'बस' दाबलं. नंबर लाल. भटू जागच्या जागी.

आबा थांबले. स्वयंपाकघराकडे पाहिलं. पुन्हा 'बस' दाबलं, जरा हळूच. कोणी येईना!

"काय रे भाईदास," आबांचा आवाज एकदम उतरला, "मी बस म्हनं आनि बठ्ठा लोके गप? आग्रह करनारं कोनी शे का नही आठे? मी जास दोंडाईचाले!" आणि आबा खरंच टोपी सारखी करून उठले.

हेमलता धावत आत आली.

"काय केलंस?"

"दुरुस्त केलं!"

"अरे वेड्या, मोड ते आधी! एवढा वेळ ते किती खुशीत होते!"

प्रेमराज खान्देशातलाच. पण पडद्याकडे बघून बघून माणसांकडे बघायचं विसरला होता बिचारा! त्याने घाईघाईने जुनं बिघडलेलं व्हर्जन चढवलं आणि हेमलतेने धावत जाऊन आबांच्या टेबलावरची दोन्ही बटणं धडाधड दाबली. नंबर हिरवा, लाल, हिरवा! भटू पातेलं घेऊन आबांच्या वाटेतच आडवा आला.

"नही रे, नही!" असं म्हणत आबा खाली बसले, ताट पुढे ओढलं आणि तोंडभर हसले. "भाईदास, पोऱ्या हुशार शे. त्याना मशीनले मानूसकी शे!"

लग्न ठरलं. नानांनी दारावर पाटी लावली: 'येथे संगणकीय आग्रह केला जाईल.'

साखरपुड्यानंतर होणारे जावई म्हणून प्रेमराजला तिथेच जेवायला बसवलं. त्याने गुपचूप आपल्या एका टेबलापुरती दुरुस्ती करून ठेवली होती. ऐटीत 'बस' दाबलं. भटू आला! पुन्हा दाबलं. भटू पुन्हा आला! प्रेमराजने मोबाईलवर सगळे निरोप तपासले. रांग बरोबर, क्रम बरोबर, दोष कुठेच नाही. मग त्याचं लक्ष काउंटरकडे गेलं. तिथल्या स्क्रीनवर हेमलता गालातल्या गालात हसत त्याच्या टेबलाचं 'वाढा' दाबत होती.

हा दोष मात्र प्रेमराजने आजवर दुरुस्त केलेला नाही. फक्त पट्टा तेवढा सैल केलाय!