निकुंभकाकूंच्या नजरेतली भोकं

निकुंभकाकूंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या सॅकमध्ये बोट खुपसलं तेव्हा.

रविवारची सकाळ होती. ट्रेकहून परतताना मी कसब्यात कोथिंबीर घ्यायला थांबले होते. मागून काहीतरी टोचलं म्हणून वळले, तर सत्तरीच्या एक बाई, चष्मा दोरीला बांधलेला, आणि त्यांची करंगळी माझ्या पाठीवरच्या सॅकच्या भोकातून आत.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी डॉक्टरांच्या सुरात विचारलं.

मी म्हटलं, असेल महिनाभर.

"आणि तुम्ही तशाच हिंडताय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चालू लागल्या. मी कोथिंबीर घेतली आणि का कोण जाणे, त्यांच्या मागोमाग गेले. दोन गल्ल्या ओलांडून, त्या एकट्याच राहतात त्या दोन खोल्यांत पोचलो. पंधरा मिनिटांत त्यांनी सुटलेले धागे कापले, आतून ठिगळ लावलं, मेण चोळलेल्या दोऱ्यानं शिवलं आणि सॅक उजेडाकडे धरून तिच्यात डोकं घातलं. बराच वेळ डोकं आतच होतं. मग आतूनच आवाज आला, "जमलं."

काकूंनी तीस वर्षं खडकीच्या एका सरकारी कारखान्यात काढली. तिथे तंबू शिवायचे. काकू शिवायच्या नाहीत, तपासायच्या. तयार झालेल्या तंबूत शिरायचं, त्याचं तोंड आतून बंद करून घ्यायचं आणि कापडातून कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं. ठिपका दिसला की खडूची खूण. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण नजर अजून कामावर जाते. गणपतीत गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात त्यांना हात जोडून उभं असलेलं पाहून मी विचारलं, झालं का दर्शन? त्या म्हणाल्या, "झालं. देवाच्या डोक्यावर तीन भोकं आहेत." दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी शिडी धरायला लावली.

नवीन वस्तूंवर त्यांचा राग आहे. कुणी म्हणालं की आता नवीनच घेऊ, तर त्या शांतपणे म्हणतात, "घ्या. नवीन घ्यायला अक्कल लागत नाही." चिकटपट्टीवर तर त्याहून जास्त. माझ्या एका मैत्रिणीनं फाटलेल्या रेनकोटवर खाकी पट्टी लावून आणली होती. काकूंनी ती दोन बोटांत धरून सोलली आणि विचारलं, हा रेनकोट आहे की पार्सल. ठिगळ कापताना त्या कोपरे गोल करतात. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी उचकटतो म्हणे. "भोक लहान असतं तोवर आपलं ऐकतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून चारदा तरी.

आमच्या पाच जणींची हिमालयात जायची वेळ आली, तेव्हा भोक लहान नव्हतं.

आम्ही पाचही शाळेतल्या शिक्षिका. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. दोन वर्षं ठरवत होतो. कधी कुणाच्या मुलाची दहावी, कधी कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन. अखेर तिकिटं निघाली. निघायच्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून मोठा तंबू काढला, उलगडला, तर उंदरानं छताला तळहाताएवढी खिडकी पाडलेली. गाडी संध्याकाळी पाचची होती.

मी तंबू तसाच स्कूटरवर टाकून कसब्यात गेले. काकूंनी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांचे डोळे चमकत होते. "उंदीर जाणकार होता. शिवण सोडून बरोब्बर मधे खाल्लंय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

काय तो दिवस! कुरतडलेली कड गोल कापून झाली. स्पिरिटनं कापड पुसून झालं. एक ठिगळ आतून, एक बाहेरून, मधे चिकट द्रव, आणि भोवती इतकी बारीक शिवण की मला चष्मा लावूनही टाके मोजता येईनात. मग सुईनं पाडलेलं प्रत्येक भोकही भरायचं, कारण पाण्याला तेवढीच वाट पुरते. मी ब्रश धरला, त्यांनी बोटानं सारवलं. दोन वाजता त्या म्हणाल्या, आता चार तास सुकू दे.

मी म्हटलं, काकू, पाचला गाडी आहे.

"गाडीला सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पंखा लावला. वीज गेली. त्यांनी तंबू खिडकीत धरला. वारा पडलेला. सव्वाचारला मी रडकुंडीला आले, तेव्हा त्यांनी चपला घातल्या आणि रिक्षा बोलवायला सांगितली. तंबू मांडीवर पसरून, ठिगळाचा भाग दोन्ही हातांनी रिक्षाबाहेर धरून त्या बसल्या. लक्ष्मी रस्त्यावर लोक थांबून बघत होते. दुसऱ्या चौकात लाल दिवा लागला तसं रिक्षावाल्यानं ब्रेक मारला, तर काकू म्हणाल्या, "अहो, थांबू नका, वारा थांबतो." त्यानं आरशातून पाहिलं, काही न बोलता डावीकडे वळवलं आणि कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून न थांबता आम्हाला स्टेशनवर नेलं. स्टेशनच्या दारात काकूंनी ठिगळावर गाल टेकवून पाहिला, मग घडी घातली. गाडी सुटायला सहा मिनिटं होती. बाकीच्या चौघी माझंही सामान घेऊन आधीच डब्यात बसल्या होत्या. मी पळत सुटले.

ट्रेकच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी वर डोंगरात गारा पडल्या आणि मागोमाग पाऊस. आमचा दुसरा तंबू अगदी नवा होता, दुकानातून थेट आलेला. त्यातून पाणी आलं. मग आम्ही पाचही जणी उंदरानं खाल्लेल्या तंबूत शिरलो. एकीचे पाय दुसरीच्या मानेवर, तिसरीची कोपरं चौथीच्या पोटात. दर पाच मिनिटांनी कुणीतरी ठिगळाला हात लावायचं आणि ओरडायचं, कोरडं! आम्ही इतक्या हसलो की आमचा वाटाड्या काळजीनं बघायला आला.

परतल्यावर मी आधी कसब्यात गेले. सगळं एका दमात सांगितलं. गारा, पाऊस, नव्या तंबूची फजिती. मला वाटलं होतं, काकू ठिगळाचं विचारतील. ते त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी विचारलं, "पाच जणी मावलात कशा?" मी सांगितलं. "आणि काय बोलत होतात?" मी म्हटलं, काही नाही हो, मुलं, नवरे, शाळा, नेहमीचंच. त्या म्हणाल्या, मी हजारो तंबूंत बसलेय. तोंड बंद करून, एकटी.

पुढच्या रविवारी आम्ही काकूंना गाडीत घालून खडकवासल्याच्या मागच्या टेकडीवर नेलं. पाणी दिसेल अशा सपाटीवर तोच तंबू लावला. काकूंनी चारी बाजूंनी फिरून दोऱ्या ओढून पाहिल्या, एक खुंटी उपटून पुन्हा ठोकायला लावली आणि आत गेल्या. आम्ही बाहेर स्टोव्हवर चहा टाकला आणि पोह्यांत मीठ किती यावर वाद घालू लागलो. चहा झाला, गाळला, तरी त्या बाहेर येईनात. मला वाटलं, आत नवीन भोक सापडलं असणार.

मी पडदा बाजूला करून डोकावले. काकू छताकडे बघत नव्हत्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. डोळे मिटलेले.

आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो.

"गप्प का झालात?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बोला ना. काही का असेना. घरी बाहेरून आवाज येतो तो दुसऱ्यांच्या घरातला असतो."

मी पडदा हळूच सोडला आणि स्टोव्हपाशी येऊन बसले. एकीनं नववीच्या पेपर तपासणीचा विषय काढला, दुसरीनं तिच्या नणंदेचा. मग पोह्यांतल्या मिठाचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ऊन चढलं, चहा गार झाला. विषय केव्हाच संपले होते, तरी आम्ही मोठ्यानं बोलत राहिलो.