वळणावरचे हरी मिस्त्री

हरी मिस्त्रींच्या घरी पाहुण्याला पाणी नंतर मिळायचं, आधी जागा ठरवून मिळायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसणार, तोच ते ओरडले, "तिथं नको! तिथून ट्रक येतो."

एखाद्यानं "तिथं गळतं" म्हणावं इतक्या सहज म्हणाले. मग मला चुलीशेजारच्या कोपऱ्यात बसवलं. "हितं बस. हितवर एकदाच आलेला. तो पन नुसता बंपर."

रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. भिवंडीजवळ टेमघरला मोठा रस्ता एकाएकी वाकतो, त्या वळणावर सात घरं आहेत. पहिलं मिस्त्रींचं. घरं आधीची, रस्ता नंतरचा, हे मी प्रत्येक पत्रकात पहिल्याच ओळीत लिहीत असे आणि आजही लिहीन. रस्ता रुंद होत गेला. आधी लोकांची अंगणं गेली, मग ओटे गेले, आणि शेवटी दार उघडून पाऊल टाकलं की ते डांबरावर पडायला लागलं. मालाच्या गाड्या दिवसभर जायच्या. ज्याला वळण दिसायचं तो वळायचा, ज्याला दिसायचं नाही तो कुणाच्या तरी घरात जायचा. आणि सरकारी कागदात या प्रकाराला 'किरकोळ अपघात' म्हणत. किरकोळ! साहेबांच्या देवघरात ट्रकचं चाक शिरलं असतं तर किरकोळ म्हणाले असते का?

आम्ही 'रस्ताग्रस्त नागरिक कृती समिती' काढली होती. सभासद अकरा, बैठकीला चार. स्टेन्सिल मी कापायचो, शाई मीच फासायचो आणि वाटायलाही मीच जायचो. 'नागरिकहो, तुमच्या चुलीवर ट्रक आला तर जबाबदार कोण?' असं ठळक अक्षरातलं पत्रक मी मिस्त्रींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "पन ह्याला पट्टा कुठाय?"

हा पट्टा काय, ते समजायला हवं. मिस्त्री कामतघरच्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचे. लूमवर धोटा असतो. दोन्ही टोकांना टोकदार असलेला लाकडी तुकडा, सूत घेऊन या बाजूचा त्या बाजूला सुसाट पळतो. तो पोचतो तिथं त्याला धरायला चामड्याचा पट्टा लावलेला असतो. पट्टा झिजला की धोटा तरी फुटतो, नाहीतर उडून कारागिराच्या डोळ्यात जातो. मिस्त्रींची सगळी विद्या या पट्ट्यात होती आणि सगळं जगही. नवराबायकोचं भांडण झालं, पट्टा झिजला. पुढारी बेताल बोलला, पट्टा न्हाय. मी सभेत भाषण केलं तेव्हा मिस्त्री पहिल्या रांगेत होते. उतरल्यावर विचारलं, कसं झालं? म्हणाले, "सुटला तो सुटला. शेवटी समोरचा मानूस वाचला, हेच नशीब."

मला ते 'लीडर' म्हणत. कौतुकानं नव्हे.

आमचे अर्ज जात होते आणि पोच मिळत होती. मिस्त्री मात्र कामाला लागले होते. लूमवर वाया गेलेलं सूत कारखान्यातून पोत्यात भरून ते सायकलवर आणायचे. पोतं इतकं फुगलेलं असायचं की लांबून सायकलवर फक्त पोतंच येताना दिसे. ही पोती त्यांनी सातही घरांसमोर रस्त्याच्या कडेला ओळीनं रचली, दोरीनं आवळली आणि वर चुना मारला.

आता भिवंडीत रस्त्याच्या कडेला आवळलेल्या गाठी रचल्या की त्याचा एकच अर्थ होतो: माल गाडीची वाट बघतोय. तिसऱ्याच दिवशी एक टेम्पो थांबला, दोघांनी खाली उतरून निम्मी पोती भरली आणि नेऊन एका गोदामात उतरवलीसुद्धा. मिस्त्री सायकल घेऊन मागे. गोदामवाला पावती मागतोय, हे म्हणतायत ही माझी भिंत आहे. "चाचा, दीवार कौन टेम्पो में भरता है?" असं त्यानं विचारल्यावर मिस्त्रींनी त्याला धोट्यापासून समजवायला घेतलं. दुपार गेली. शेवटी कंटाळून त्याच्याच हमालांनी भिंत परत आणून लावली.

पण एक गोष्ट झाली. भाड्याच्या आशेनं गाड्या वळणावर हळू व्हायला लागल्या. ड्रायवर मान बाहेर काढून विचारायचे, "चाचा, माल किधर का?"

"इधरकाच है. किधर नहीं जाने का."

"फिर रखा कायको?"

"तू धीरे आया ना? उसके वास्ते."

मला हसू आलं आणि रागही आला. तीन अर्ज, एक मोर्चा आणि माझा घसा यांनी जे झालं नाही ते चुना मारलेल्या पोत्यांनी केलं. तरी मी म्हणत होतो, पोतं म्हणजे बंदोबस्त नव्हे. शेजारच्या पार्वतीकाकूही तेच म्हणत. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली. पाळणा घरात कुठं बांधावा याचा त्यांना घोर. पुढच्या खोलीत ट्रकचं भय, मागच्या खोलीत धूर.

"मिस्त्री, तुमच्या चिंध्या तुम्हाला लखलाभ," त्या म्हणायच्या. "मला लोखंड पायजे."

आणि लोखंड मंजूर झालं! बांधकाम खात्याचे साहेब स्वतः आले. जुन्या रुळांचे तुकडे काँक्रीटमध्ये गाडायचे, घरांसमोर सात खांब. त्यांच्या माणसांनी चुन्यानं खुणा केल्या. काकूंनी साहेबांना सरबत दिलं. मी मनात विजयाचं पत्रक लिहीत होतो. इतक्यात पाहतो तो मिस्त्री पहिल्या खुणेवर मांडी घालून बसलेले.

"हितं रूळ न्हाय लागनार."

"अहो, तुमच्याच घरासाठी आहे," साहेब म्हणाले.

"घर वाचंल. येनाऱ्याचं काय?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. माझा पट्टा तुटला. "मिस्त्री, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूचे?"

"दोन्ही बाजूला मानूसच हाय ना, लीडर?"

"अगं बाई!" काकू कडाडल्या. "घरं आमची पडायची, आन् ह्यांना ड्रायवरचा पुळका! माझ्या लेकीचं पोर काय वाऱ्यावर पडलंय?"

मिस्त्री काकूंकडे बघून उठले, खुणेवरून बाजूला झाले. साहेब घाईनं जीपमध्ये बसून गेले. मग मिस्त्रींनी मला घराच्या भिंतीपाशी नेलं आणि तिच्यावर हात ठेवला.

"पयला ट्रक आला तवा हितं कुडाची भिंत होती. सरळ आत. मी ड्युटीवर. भांडी गेली, भाताची कनगी गेली. ड्रायवर भातानं माखून बाहेर आला, लोकांनी चार ठेवून दिल्या, तरी हसत होता. मंग मी काळ्या दगडाची भिंत घातली. माझ्या हातानं. दीड हात जाड. दुसरा ट्रक आला, तर भिंतीचा टवका न्हाय उडाला."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"लोक भिंतीला शाबासकी देत होते. मी ड्रायवरला पानी पाजत होतो. उतरलंच न्हाय घशाखाली. केबिनमधे बांगड्यांचा पुडा मिळाला. कुनासाठी घेतल्या, कुनाला ठावं. पेंढ्यात बांधलेल्या. एक बी फुटली नव्हती, लीडर." त्यांनी भिंतीवर थाप मारली. "बांगडीसाठी येवढी अक्कल लावली दुकानदारानं. मानसासाठी मला न्हाय सुचलं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कचेरीत गेलो. खांबांना काहीतरी मऊ लावा, असं मी म्हणालो. मी! आदल्याच महिन्यात 'खुनी ट्रकवाल्यांचा निषेध असो' असं छापणारा मी. साहेबांनी हसून सांगितलं की अंदाजपत्रकात चिंध्या बसत नाहीत. मी टेबलावर हात आपटला. मला बाहेर काढण्यात आलं.

खांब ठरल्या दिवशी उभे राहिले. सात काळेभोर रूळ. काकूंनी पाळणा पुढच्या खोलीत बांधला. विजयाचं पत्रक मी लिहिलंच नाही.

काँक्रीट वाळल्यावर एका सकाळी मी तिथून जात होतो. मिस्त्री रजा टाकून घरी होते. जुने टायर गोळा केलेले, लूमचे चामड्याचे पट्टे, सुताची पोती. एकेका खांबाला रस्त्याच्या बाजूनं टायर बांधायचे, आत सूत कोंबायचे. ट्रक अशानं थांबतो का, ड्रायवर वाचतो का, मला माहीत नाही. मी इंजिनियर नाही. सूत कमी पडत होतं. पार्वतीकाकू घरातून आल्या, एक जुनी गोधडी मिस्त्रींसमोर टाकली, "घ्या, कोंबा," एवढंच म्हणाल्या आणि पाळण्याला झोका द्यायला आत गेल्या.

मिस्त्रींनी गोधडी घडी करून टायरात घातली, पट्टा आवळला. मग दहा पावलं मागे रस्त्यावर गेले, येणारी गाडी नाही हे पाहिलं, आणि साठीला आलेला तो माणूस पळत येऊन छातीनं त्या खांबावर आदळला.

मी धावलो. ते छाती चोळत उभे होते.

"लागतं अजून," म्हणाले, आणि पट्टा सोडायला बसले.