अर्धा किलो पेढ्यांचा घोटाळा

आमच्या घराण्यात पुढारलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! मुलगा होवो की मुलगी, मला दोन्ही सारखेच. हे मी ऑफिसात सांगितलंय, लोकांच्या लग्नात जेवता जेवता सांगितलंय, एकदा तर दाढी करणाऱ्यालाही सांगितलंय. म्हणून रागिणीला दिवस गेले तेव्हा मी छाती काढून म्हटलं, “घरच्यायचं माह्यावर सोड. एकाची इचाराची हिंमत होनार नाही!”

हिंमत झाली. भागीरथा आत्या चांदूर बाजारहून पिशवी घेऊन अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या घरी येऊन धडकली आणि दिवाणावर मांडी घालून बसली.

“गोपाल, काय म्हने डाक्टरीणबाई?”

“आत्या, थे इचारता येत नाही. गुन्हा हाये!”

“मी कुठं तिले इचारून राहिली? मी तर तुले इचारून राहिली!”

“मले माहीतच नाही न!”

“मंग बाप कायचा होतं तू?”

यावर कायद्यात उत्तर नाही. इकडे आत्या, तिकडून बाबांचा रोज फोन. तुरीपासून सुरू होणार आणि ‘मंग, काय खबर?’ वर येऊन थांबणार!

आमची काळजी वेगळीच होती. सातव्या महिन्यात रागिणीच्या पोटातलं पाणी कमी झालं होतं. बाळाचं कसं होईल, या विचाराने आम्हा दोघांची झोप उडाली होती. घरच्यांना हे सांगितलं, तर त्यांनी ‘होईन बरं’ म्हणून पुन्हा तोच प्रश्न विचारला.

पुन्हा सोनोग्राफी झाली त्या दिवशी मी बाहेर बसून नखं कुरतडत होतो. रागिणी हसत बाहेर आली. “पानी वाढलं! सारं ठीक हाये!”

मला आभाळ ठेंगणं झालं! तिला ऑटोत बसवून मी समोरच्या दुकानात धावलो आणि अर्धा किलो पेढे घेतले. घरी आल्याबरोबर आत्याने डबा उघडला.

“पेढे!”

“आत्या, आयक तर, पानी...”

“मले शिकवतं काय? पोट्टा झाला का पेढे, पोट्टी झाली का जिलेबी!”

मी चपला काढेपर्यंत चांदूर बाजारात बातमी पोचली. आत्याच्या फोनवर बाबा ओरडत होते, “सागवानी पाळना सांगून राहिलो! बँडवाला धर्मेंद्र इथंच हाये माह्यापाशी!”

तेवढ्यात शेजारच्या भावनाताई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. “भाऊ, डॉक्टरांनी सांगितलं म्हणे? अहो, त्यांचा दवाखाना बंद होईल!”

मला दरदरून घाम फुटला. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि माझ्या पेढ्यांपायी त्या गोत्यात! पण माझं डोकं संकटात फार जोरात चालतं. पेढ्यांवर उतारा कोणता? जिलेबी! धावत गेलो, अर्धा किलो गरम जिलेबी आणली आणि आत्यासमोर आदळली.

“घे! आता बोल!”

आत्याने पेढे पाहिले, जिलेबी पाहिली, रागिणीचं पोट पाहिलं.

“अवं माय! जुळे!”

“दोन पाळने सांगतो!” फोनमधून बाबा गरजले.

तेव्हा रागिणी उठली. आत्यापाशी पडलेला फोन घेऊन तिने स्पीकर लावला.

“मामाजी, डाक्टरीणबाई काय म्हने, सांगू?”

आत्याची जिलेबी तोंडापाशी थांबली. पलीकडून धर्मेंद्र हळूच म्हणाला, “सांगा न वयनी.”

“पानी वाढलं म्हने. ठोके नीट हायेत. तुमी रोज फोन करता मामाजी, पन लेकरू बरं हाये का, थे एकानंबी इचारलं नाही. लेकरू बरं हाये. पेढे त्याचे हायेत.”

आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. मला सात महिन्यांत जे जमलं नाही ते या बाईने एका फोनमध्ये केलं! मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

बाबा म्हणाले, “चुकलं बाई आमचं. तुयी तब्येत कशी हाये?”

आत्याने जिलेबी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि रागिणीच्या डोक्यावरून फिरवले. “मले कोनी कधी इचारलं नाही वं. म्हनून इचाराचं सुचलंच नाही.” मग चहा टाकायला ती स्वतःच आत गेली.

मी भारावून म्हटलं, “रागिणी, मानलं तुले!”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “एक सांगा. दुकानात जिलेबी होती, बर्फी होती. तुमी पेढेच काहून आनले?”

“थे... समोरच होते.”

तिने एक जिलेबी उचलून माझ्या हातावर ठेवली.

“खा. सवय करा.”

जिलेबी तोंडात तशीच राहिली. आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी पुढे सरकलो आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “म्हंजे? तुले काही बोलल्या का डाक्टरीणबाई?”