डाव्या बाजूचा चिखल

गाडीला वॅक्स कसं लावावं हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, याबद्दल जावईबापूंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे सासऱ्यांची गाडी चिखलाने माखलेली दिसताच त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, सरळ बाह्या सरसावल्या.

त्यामागे मायाही होती बरं का. सासऱ्यांची नजर अधू होत चालली होती. मागे त्यांनी गाडी खांबाला ठोकली तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "आता एक ओरखडा जरी दिसला, तरी किल्ली माझ्याकडे." आणि किल्ली गेली की सासऱ्यांना उरलं काय? नोकरी संपलेली, मित्र लांब राहणारे. गाडी चकाचक दिसली तर सासूबाईंनाही धीर येईल, असं जावईबापूंना वाटलं.

"राहू द्या हो," सासरे म्हणाले. "परत मळणारच आहे. नुसतं वॅक्स फासा वरून."

"बाबा, घाणीवर वॅक्स लावलं तर तीच वाळू रंगावर घासली जाते. आधी धुणं, मग डांबराचे ठिपके, मग वॅक्स."

"मग उजवीच बाजू धुवा."

सासरे भिडस्त, आपल्याला कष्ट नकोत म्हणून म्हणताहेत, असं वाटून जावईबापूंना भरून आलं. ते दुप्पट जोमाने कामाला लागले. पाण्याचा फवारा मारला, फेस केला, डांबराचे ठिपके औषध लावून हलकेच टिपून काढले. उजवी बाजू आरशासारखी झाली.

डावीकडे वळतात तो सासरे गाडीच्या दाराला टेकून उभे.

"बाबा, जरा सरकता?"

"पाठ भरून आलीय. टेकतो थोडा वेळ."

जावईबापूंनी तत्परतेने आतून खुर्ची आणली, त्यांना हाताला धरून बसवलं आणि फवारा सोडला. दारावरचा चिखल काही निघेना. रस्त्याचा चिखल शिंतोडे उडून बसतो. हा तर हाताने लिंपलेला, त्यात बोटांचे ठसेसुद्धा. पण जावईबापू आता ऐकतात कसले. भिजवून भिजवून त्यांनी तो मऊ केला आणि सगळा उतरवला.

खाली हातभर लांब ओरखडा निघाला. दारही चेपलेलं.

जावईबापूंनी फवारा बंद केला. सासरे जमिनीकडे बघत होते.

"परत लावू का?" जावईबापूंनी हळूच विचारलं. "ओला आहे अजून."

तेवढ्यात सासूबाई घराच्या दारात आल्या.

"मीच घासली, आई," जावईबापू घाईघाईने म्हणाले. "आत्ताच. या फडक्याने."

"फडक्याने दार चेपतं होय?" सासूबाई जवळ आल्या. ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "मी हा पहिल्याच दिवशी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर चिखल दिसला. त्यानंतर गाडी धुवा असं एकदा तरी म्हटलं का मी यांना? दिसत नव्हता तोवर किल्ली मागावी लागत नव्हती." त्यांनी हात पुढे केला. "आता दिसला. आता मागायलाच हवी."

सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं, बाबा."

"छे हो." सासरे उठले, दारापाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. "काम चोख केलंत. चिखल लिंपताना मी नुसता चाचपडत होतो. आज ओरखडा मलासुद्धा दिसला."